पाव फेरा

"झाकण मीच उघडणार," अप्पा म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

गेला अर्धा तास थोरला मुलगा त्यांची समजूत घालत होता. वय शहाऐंशी, एक पाय गुडघ्याखाली नकली, दोन्ही डोळ्यांत बसवलेली भिंगं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड दुरुस्त करणारा फिटर कालच म्हणाला होता की टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीही, मीच लावून देतो, दहा मिनिटांचं काम. त्याला अप्पांनी असं फैलावर घेतलं की बिचारा पाने गोळा करून चालता झाला. माझ्या इंजिनात परक्याचा हात जाणार असेल तर आधी मला उचला, असं ते वर म्हणाले. उचलायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे अप्पांचं खरं झालं.

तीन वाजता तंत्रशाळेचा ट्रक येणार होता. ट्रॅक्टर आता तिथे राहणार, पोरं त्याच्यावर शिकणार. जाण्याआधी तो या शेडमध्ये एकदा सुरू झाला पाहिजे आणि त्या वेळी घरचे सगळे हजर पाहिजेत, एवढी अप्पांची अट होती. 'सगळे' म्हणताना त्यांनी लेकीकडे, ताईकडे पाहिलं होतं. त्या एका नजरेवर तिने धाकट्या भावाला फोन केला, आणि एकतीस वर्षांनी तो शेडच्या दारात उभा होता.

बारक्या म्हणत त्याला. आता तो त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, परगावी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता, तरी नाव बारक्याच. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि तोही आला नाही. वहिनीने चहा आणला तो त्याच्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पाठ फिरवली.

वहिनीचा तरी काय दोष? ती या घरात येऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा सासऱ्यांचा पाय गेला. जखम धुणं, पट्ट्या बदलणं, रागाच्या भरात त्यांनी फेकलेलं ताट उचलणं, सगळं तिच्या वाट्याला आलं. ज्याच्यामुळे आलं त्याला तिने मनातून कायमचं हद्दपार केलं होतं.

ताई शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. शिवणाचे वर्ग चालवते ती, गावात तिला शिवणाच्या बाई म्हणूनच ओळखतात. बोटांना कधी स्वस्थता नसते तिच्या. आत्ताही ती पदराच्या काठावरचे टाके चाचपत होती. या घरात बारक्यावर जो निकाल लागला तो तिच्या शब्दावर लागला होता, आणि तो शब्द तिच्या घशात एकतीस वर्षं अडकून बसला होता.

झालं होतं ते एवढंच. अप्पा तापाने अंथरुणाला खिळले होते. बारक्या वर्षभर प्रशिक्षण संस्थेत इंजिनाचं काम शिकून नुकताच परतला होता. ट्रॅक्टर अंगणातून जाताना त्यांनी पडल्या पडल्या ओळखलं की एक व्हॉल्व्ह वाजतोय. त्यांनी ताईला हाक मारली. "बारक्याला सांग, चार नंबरचा धुराचा व्हॉल्व्ह वाजतोय. झाकण उघड आणि पाव फेरा आवळ म्हणावं." ताईने शेडमध्ये जाऊन निरोप दिला. बारक्याने झाकण उघडलं, आवळलं, झाकण लावलं. पुढचे सहा दिवस ट्रॅक्टर थोरल्याने चालवला. सातव्या दिवशी अप्पा उठले आणि भरलेली ट्रॉली घेऊन चढावर गेले. अर्ध्या चढात इंजिनाने मान टाकली. ट्रॉली मागे सरकली, ब्रेकने दाद दिली नाही, अप्पांनी उडी मारली आणि चाक पायावरून गेलं.

इंजिन कुणी उघडलंच नाही. एका मेकॅनिकने नुसतं हँडल फिरवून पाहिलं आणि सांगितलं, चारपैकी एका सिलिंडरमध्ये दमच नाही, व्हॉल्व्ह जास्त आवळला गेलाय, जळालाय. मग इस्पितळाच्या व्हरांड्यात, आईच्या देखत, थोरल्याने विचारलं, "ताई, तू पाव सांगितलंस की अर्धा?" बारक्या ओरडत होता की मी पावच फिरवला. ताईने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी पावच सांगितलं. म्हणजे बारक्याने हलगर्जीपणा केला, आणि वर खोटं बोलला. त्याच आठवड्यात त्याने घर सोडलं. पुढे आई गेली तेव्हा तो इस्पितळाच्या जिन्यापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

आणि ताईला, डोक्यावर हात ठेवला त्या क्षणीसुद्धा, आपण काय म्हणालो ते आठवत नव्हतं. पाव की अर्धा? निरोप घेऊन अंगण ओलांडताना तिच्या डोक्यात भलतेच विचार होते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मागून तिने तो निरोप हजारदा मनात म्हणून पाहिला. कधी पाव यायचं, कधी अर्धा.

"हँडल लाव," अप्पा म्हणाले. इंजिनाच्या कडेला स्टूल टाकून ते बसले होते, नकली पाय पुढे ताठ. झाकण निघालं होतं. आत आठ व्हॉल्व्ह एका रांगेत, प्रत्येक सिलिंडरचे दोन, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला दाबणारी दांडी, रॉकर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कागदाएवढी फट हवी. जास्त झाली तर इंजिन खटखटतं. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि जळतो. त्या घरातल्या माणसांना हे पाढ्यांसारखं पाठ होतं.

थोरल्याने समोर जाऊन रेडिएटरखाली हँडल अडकवलं. वहिनी लगेच म्हणाली, "अहो, खांदा! डॉक्टरांनी काय बजावलंय?"

"काही होत नाही."

"रात्री कुंथत बसता तेव्हा मला होतं ते."

"मग कोण फिरवणार? तू?"

अप्पांनी दाराकडे न बघता म्हटलं, "तो उभा आहे ना तिथे रिकामटेकडा."

अप्पांच्या तोंडून बारक्याचा उल्लेख यायला एकतीस वर्षं लागली होती, आणि आला तो असा.

"नको नको, मीच फिरवतो," थोरला घाईघाईने म्हणाला. "अप्पा, त्याला कशाला? मला सवय आहे."

ताईला त्या घाईचं नवल वाटलं. एरवी खांद्याचं निमित्त करून बाजारातली पिशवीसुद्धा न उचलणारा माणूस हँडल सोडेना. पण बारक्या आत आला होता. त्याने भावाच्या हातून हँडल घेतलं आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी फट मोजायच्या फीलर गेजमधलं एक पातं निवडून बाहेर काढलं.

"एक नंबर वर आण."

बारक्याने हँडल फिरवायला घेतलं, वाकून व्हॉल्व्हकडे बघत, सावकाश. रॉकर एकेक करून डुलले, दबले, सुटले. सिलिंडरचा पिस्टन वर आला की त्याचे दोन्ही रॉकर सुटे होतात, आणि फट तेव्हाच मोजता येते. एका ठिकाणी तो थांबला. "आला."

अप्पांनी पातं फटीत सरकवायला घेतलं. जाईना. त्यांनी भिंगाचे डोळे बारीक केले. "कुठे आला? रॉकर दाबलेला आहे अजून. फिरव."

"फिरवला तर पुढे निघून जाईल, अप्पा."

"मला शिकवू नकोस. फिरव."

"अहो, आलाय. दोन्ही व्हॉल्व्ह सुटे आहेत. हे बघा." बारक्याने रेडिएटरजवळचे दोन रॉकर बोटांनी हलवून दाखवले. ते हलले, टिकटिक वाजले.

"तो चार आहे!" अप्पा ओरडले. "मी एक म्हणतोय. एक कळत नाही तुला? हा एक!" आणि त्यांनी हातातला पाना सीटच्या बाजूच्या रॉकरवर आपटला.

बारक्या वाकलेला होता तसाच राहिला.

"अप्पा, तुम्ही जरा बाजूला व्हा, मी लावतो," थोरला मध्ये पडला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "ट्रकवाला येईल इतक्यात. उगीच वाद..."

"तू गप्प बस."

"अप्पा," बारक्या म्हणाला. फार हळू म्हणाला. "परत मोजा बरं. मोठ्याने."

"काय मोजा?"

"सिलिंडर. मोजा."

अप्पांना राग आला होता, पण रागातच त्यांनी बोट लावलं. सीटच्या बाजूने सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार." बोट रेडिएटरपाशी येऊन थांबलं. "झालं समाधान?"

"आम्हाला संस्थेत पहिल्याच दिवशी शिकवलं," बारक्या म्हणाला, "रेडिएटरकडचा तो एक. तिकडून मोजायचं."

"तुमची संस्था गेली खड्ड्यात. मला ज्याने शिकवलं त्याने सीटवर बसवून शिकवलं. चालवणाऱ्याजवळचा तो एक. इतकी वर्षं मी..."

आणि ते थांबले.

ताईला ते कळायला वेळ लागला. तिने मनात हळूहळू मांडलं, कापड अंथरून खुणा कराव्यात तसं. अप्पांचा चार इथे, रेडिएटरपाशी. तो वाजत होता. बारक्याचा चार तिथे, सीटपाशी. तो धडधाकट होता, आणि बारक्याने तो पाव फेरा आवळला. पावच. सांगितला तेवढाच. परवा फिटरने जळका व्हॉल्व्ह काढून ओट्यावर ठेवला तेव्हा तो म्हणालाच होता, सीटकडच्या टोकाचा आहे हा. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, कारण चार म्हणजे चार, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

ती शेजारच्या रिकाम्या पिंपावर बसली. आधी तिला आनंद झाला, खरं सांगायचं तर. मी पावच सांगितलं होतं! अर्धा सांगितला असता तर त्याने अर्धा आवळला असता, आणि मग गाडी अंगणातूनच हलली नसती. पाव म्हणूनच ती सहा दिवस चालली. छातीवरचा दगड खाली आला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी आली. समोर भाऊ उभा होता, त्याचं तरुणपण कुणी परत आणून देणार नव्हतं, आणि ही बया स्वतःपुरता हिशेब करून मोकळी झाली होती.

"म्हणजे..." वहिनी म्हणाली. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "म्हणजे भावजींनी जे सांगितलं तेच केलं?"

'भावजी' हा शब्द तिच्या तोंडून किती वर्षांनी आला, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

"मग हे इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही?"

"दिसणार कसं?" अप्पा पुटपुटले. "आमचा नियमच तो. जो झाकण उघडेल त्याचाच हात आत. दुसऱ्याने फक्त हँडल फिरवायचं. हा संस्थेतून आला तेव्हा मी आजारी. माझ्याबरोबर याने कधी टॅपेट लावलेच नाहीत."

"हँडल कोण फिरवायचं?" वहिनीने विचारलं.

तिने सहज विचारलं होतं. पण विचारून झाल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

थोरला भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत होता.

"अहो. तुम्हीच फिरवायचात ना? तुम्हीच सांगता की, नऊ वर्षं फिरवलं म्हणून. एक वर आण, दोन वर आण. तुम्हाला माहीत होतं अप्पांचा एक कुठला ते."

"हो."

"आणि याचा?"

"संस्थेतली वही याने मला दाखवली होती," थोरला म्हणाला. "त्यात चित्र होतं."

थोरला बोलत होता आणि त्याचे शब्द ताईला लांबून कुठून तरी येत असल्यासारखे ऐकू येत होते. सहा दिवस ट्रॅक्टर त्याने चालवला. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की खटखट थांबलेली नाही. संध्याकाळी त्याने सीटकडच्या रॉकरचा आवाज कान लावून ऐकला. नेहमीपेक्षा मुका. त्याला सगळं उमगलं.

"पहिल्या दिवशी?" बारक्या म्हणाला. "दादा, पहिल्याच दिवशी?"

"मला वाटलं, अप्पा उठतील, त्यांना खटखट ऐकू येईल, तुला शिव्या घालतील. एवढंच. आईची आठवण काढून सांगतो, एवढंच मनात होतं." थोरला अप्पांकडे वळला. "नऊ वर्षं मी हँडल फिरवलं. एकदा तरी मला म्हणालात का अप्पा, की आज तू आवळ? हा वर्षभर कुठे शिकून आला, आणि निरोप याला. बारक्याला सांग. बारक्याला विचार. मला वाटलं, एकदा याचीही जिरू दे."

"मला ऐकूच आलं नाही," अप्पा म्हणाले. "तापाने कान बसले होते माझे. मला काहीच ऐकू आलं नाही त्या दिवशी."

"ते मला माहीत नव्हतं. तुम्ही ट्रॉली जोडून निघालात. मी म्हटलं, फाटकापर्यंत गेले की आवाज ओळखून परत येतील. मी फाटकाशी उभा होतो. आणि मग पायच गेला. पाय गेल्यावर काय सांगणार होतो मी? कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

वहिनी त्याच्या शेजारून बाजूला झाली. दोन पावलंच सरकली, पण तेहतीस वर्षांच्या संसारात ताईने तिला त्याच्यापासून अशी सरकताना पाहिलं नव्हतं. "मी याच्या नावाने बोटं मोडली," ती म्हणाली. "जखम धुताना रोज मोडली. आणि तुम्ही उशाशी बसून पट्टी धरत होतात."

अप्पा थोरल्याकडे बघत नव्हते आणि बारक्याकडेही नाही. ते रांगेतल्या आठ व्हॉल्व्हकडे बघत होते, आणि बोट पुन्हा पुन्हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत होते. एकदा सीटकडून. एकदा रेडिएटरकडून. मग त्यांनी एकदम पातं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. ताईने वडिलांना पाय कापल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं.

"विचारायला हवं होतं मी," ते हातांच्या आडून म्हणाले. "तुझा चार कुठला, एवढंच विचारायचं होतं."

बारक्या त्यांच्यापाशी गेला नाही. त्याला जायचं नव्हतं की जमत नव्हतं, कोण जाणे. हँडल धरून तो उभा होता आणि त्याची नजर फिरत फिरत ताईवर येऊन थांबली. त्याचे डोळे भरले होते.

"ताई," तो म्हणाला. "या घरात तू एकटी खरं बोललीस. मी पण तुझ्यावर संशय घेतला. इतकी वर्षं मला वाटायचं, ही अर्धा म्हणाली असेल आणि आता कबूल करत नसेल. चुकलं माझं. माफ कर मला."

काही न बोलता ताईला इथून सुटता आलं असतं. तिच्या शब्दाला आता इंजिनानेच पुरावा दिला होता, आणि सगळं खापर थोरल्याच्या डोक्यावर फुटलेलं होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. वहिनीसुद्धा तिच्याकडे मायेने बघत होती. पण तो माफी मागत होता. तिची.

"मला आठवत नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी पाव म्हणाले की अर्धा. मला आठवत नव्हतं. तेव्हाही नव्हतं. आईच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही नव्हतं."

"मग शपथ का घेतलीस?"

"मी अर्धा म्हणाले असते असं ठरलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. मला दुसरं घर नव्हतं, बारक्या. तू पुरुष होतास, तरुण होतास. मला वाटलं, तू कुठेही जगशील. नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी तू राहिला असतास. मला माहीत होतं ते. बोलतानाच माहीत होतं."

अप्पांनी चेहऱ्यावरचे हात काढले. वहिनीच्या डोळ्यांतली माया जागच्या जागी गोठली. थोरल्याने पहिल्यांदा मान वर करून बहिणीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत ताईला भलतंच ओळखीचं काहीतरी दिसलं. इतकी वर्षं शेजारी शेजारी ताटं मांडून जेवलेले दोघं, आणि एकमेकांना आज भेटत होते.

मग बारक्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, हँडल तिथेच अडकवलेलं सोडलं, आणि अप्पांच्या पुढ्यातलं पातं उचललं. अप्पांनी ते उचलू दिलं. रेडिएटरकडच्या टोकाला वाकून त्याने ते फटीत सरकवलं, पुढेमागे ओढून पाहिलं, स्क्रू फिरवला, लॉकनट आवळला. दोन्ही व्हॉल्व्ह झाले. पुढचा सिलिंडर वर आणायचा होता, आणि त्याला हँडलवर माणूस हवा होता.

थोरला पुढे झाला.

"तू नको," बारक्या वर न बघता म्हणाला. "ती फिरवेल."

ताई पिंपावरून उठली. हँडल थंडगार होतं आणि तिच्या अंदाजापेक्षा फार जड. ती दोन्ही हातांनी ओढू लागली.

"सावकाश," बारक्या म्हणाला. "अजून. थोडं अजून. थांब."

ती थांबली. पातं आत गेलं, स्क्रू फिरला, नट आवळला गेला. मग पुन्हा, अजून, थोडं अजून, थांब. आठही व्हॉल्व्ह होईपर्यंत तो तिच्याशी बोलत होता. झाकण लागल्यावर तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.